शाळा सांभाळून हाफ आयर्नमॅन अंतराची तयारी: आठवड्याचे सात तास कसे वाटू?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, वर्गशिक्षिकाही आहे. बावीस आठवड्यांनी १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं अशी शर्यत आहे. ऑलिंपिक अंतर (१.५, ४०, १०) झालेलं आहे, त्यामुळे अगदी शून्यापासून सांगायची गरज नाही.

पहिला तास साडेसातला, सुटका साडेतीनला. नंतर वह्या, उत्तरपत्रिका, दुसऱ्या दिवसाची तयारी, आणि हे रात्री अकरापर्यंत चालतं. सरावाला आठवड्याचे सात तास आहेत, त्यावर मिळणार नाहीत. साधी रोड सायकल, मनगटी घड्याळ, पट्ट्याचा हृदयगती मापक आणि घरात टर्बो ट्रेनर (सायकल जागेवरच चालवायचं उपकरण) आहे. नवीन सामान घ्यायचं नाही, कोच लावायचा नाही.

विचारायचं आहे ते हे: सात तासांची वाटणी कशी करू? सकाळ की संध्याकाळ? शर्यतीआधीच्या आठव्या ते सहाव्या आठवड्यात पेपर तपासणी येते, ते तीन आठवडे कसे काढू? आणि दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून येतात, त्यावर संध्याकाळी धावणं योग्य का? जाणकारांनी सांगावं.

वॅटवाला

सामान घ्यायचं नाही म्हणालात तरी पॉवर मीटर, म्हणजे पेडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र, घ्याच. वेळ कमी असणाऱ्यालाच त्याचा जास्त उपयोग. वीस मिनिटं पूर्ण जोर लावून सरासरी वॅट काढा, त्याला ०.९५ ने गुणा, तो तुमचा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल असा जोर. मग त्याच्या ८८ ते ९३ टक्क्यांवर ३ वेळा १० मिनिटं, मध्ये ४ मिनिटं हलकं. तासाभरात काम होतं. हृदयगती उशिरा चढते, उन्हात आणि झोप कमी असताना खोटं सांगते. माझ्याकडे दोन्ही बाजूंचे पेडल मीटर आहेत, डावा-उजवा फरकही कळतो.

भल्यापहाटे

सकाळ. दुसरा पर्यायच नाही. संध्याकाळी पालक भेटायला येतात, बैठक लागते, बदली तास लांबतो, आणि सराव बुडतो. पहाटे साडेचारला कुणी अडवत नाही. कपडे, बाटली, बूट रात्रीच काढून ठेवा. सकाळी उठून मोजे शोधायला लागलात की दहा मिनिटं गेलीच.

लांबपल्ला

सात तासांत हे अंतर नीट होत नाही, स्पष्टच सांगतो. किमान दहा, शक्यतो बारा तास हवेत. शनिवारी चार तास सायकल, रविवारी दोन तास धावणं, इतकं तरी झालंच पाहिजे.

हिशेबी

@लांबपल्ला, धागाकर्तीने सात म्हटलंय, तर सातातच बोलू. ऑलिंपिक अंतर झालेल्या माणसाला सात तासांत ही शर्यत सुखरूप पूर्ण करता येते. जोरदार वेळ काढायची असेल तर गोष्ट वेगळी.

माझी मांडणी:

सोमवार सुट्टी. मंगळवारी टर्बोवर ६० मिनिटं, त्यात वर दिलेले ३ x १०. बुधवारी पोहणं ४५. गुरुवारी धावणं ५०, त्यात ४ मिनिटं जोरात आणि २ मिनिटं हलकं असं पाच वेळा. शुक्रवारी पोहणं ४०. शनिवारी सायकल १५०. रविवारी धावणं ७५, पूर्ण हलकं.

बेरीज ४२० मिनिटं, म्हणजे बरोबर सात तास. त्यातली २१० सायकलला, कारण शर्यतीचा जवळपास अर्धा वेळ सायकलवरच जातो. पोहण्याला ८५ पुरेत. पाण्यात महिनाभर घासून दोन-तीन मिनिटं वाचतील, सायकलवर तेवढीच मेहनत केलीत तर पंधरा वाचतात, आणि पाय ताजे राहतात ते वेगळंच.

दर चौथ्या आठवड्यात सगळं एक तृतीयांशाने कमी करा. दर दुसऱ्या शनिवारी सायकलवरून उतरल्यावर पाच मिनिटांच्या आत बूट बदलून १५ मिनिटं धावा आणि तेवढा वेळ रविवारच्या धावण्यातून वजा करा. १५ च, तास नको. पाय जड असताना पावलांची लय सापडणं एवढाच हेतू आहे.

भल्यापहाटे

मांडणी चांगली, फक्त मंगळवार-गुरुवार पहाटे करा.

सावकाश

@हिशेबी, मंगळवारी आणि गुरुवारी दोन्ही जोराचे? व्यायामशास्त्राचे संशोधक स्टीफन सायलर यांचं ८०-२० (८० टक्के हलकं, २० टक्के जोराचं) बघा, वीस टक्क्यांपेक्षा जास्त जोर नको.

हिशेबी

सायलर यांची ८०-२० ची मोजणी सत्रांची आहे, मिनिटांची नाही, आणि ती मुख्यतः आठवड्याला दहा-बारा सत्रं करणाऱ्या खेळाडूंवरून आलेली आहे. इथे सहा सत्रं आहेत. दोन जोराची, चार हलकी. प्रत्यक्ष जोराची मिनिटं मोजलीत तर ३० आणि २०, म्हणजे ४२० पैकी ५०. बारा टक्के. याहून कमी केलंत तर सात तासांत शरीराला बदलायला कारणच मिळणार नाही.

सावकाश

मान्य, पण मग हलकं ते खरंच हलकं हवं. पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. रविवारचं धावणं मधल्याच वेगात ओढलं की मंगळवारी ३ x १० मधला तिसरा दहा कोसळतो. शिकवणाऱ्यांचं हमखास इथेच बिघडतं, कारण घाई अंगात भिनलेली असते.

खडूचीधूळ

शाळेत तीस वर्षं काढलेल्यांनीही ज्याकडे लक्ष दिलेलं नसतं ते सांगतो: पाणी. तास सोडून स्वच्छतागृहात जाता येत नाही म्हणून शिक्षक पाणीच पीत नाहीत आणि साडेतीनला कोरडे होऊन सरावाला जातात. प्रत्येक तासाला दीडशे-दोनशे मिली घोट घोट प्या. एकदम अर्धा लिटर रिचवलंत तर ते लगेच बाहेर पडतं आणि पंचाईत होते, थोडं थोडं प्यायलात तर मधल्या सुट्टीपर्यंत निभतं.

आवाजाचंही तेच. थंड कोरड्या हवेत तोंडाने जोरजोरात श्वास घेऊन लगेच पाच तास शिकवलंत तर घसा बसतो. पहाटे जोराचं धावणं सुचवणाऱ्यांनी याचा विचार केलाय का? थंडीत तोंडावर पातळ कापड घ्या, किंवा पहाटे फक्त पोहणं आणि हलकं ठेवा.

भल्यापहाटे

पहाटे धावून घसा बसत नाही. मी वर्षानुवर्षं करतोय.

खडूचीधूळ

तुम्ही पाच तास बोलता का नंतर?

टाचदुखी

पोटऱ्यांबद्दल. उभं राहण्याने पोटरीचा खालचा सपाट स्नायू, सोलिअस, दिवसभर ताणाखाली असतो. तोच धावताना सर्वांत जास्त भार घेतो. म्हणून संध्याकाळी पहिली दहा मिनिटं पाय लाकडी वाटतात. धावायला हरकत नाही, पण आधी पाच मिनिटं भरभर चाला, मग दहा मिनिटं अगदी सावकाश, आणि त्यानंतरच वेग.

पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली करा. गुडघा सरळ ठेवून १५, गुडघा किंचित वाकवून १५, प्रत्येकी तीन वेळा, आठवड्यातून तीन दिवस. खाली येताना मनात तीन मोजा. गुडघा वाकवलेला प्रकार लोक गाळतात, आणि सोलिअसला खरा भार त्यातच पडतो. दोन्ही पायांवर सोपं झालं की एका पायावर, मग पाठीवर दप्तर घेऊन.

सकाळी उठल्यावर पहिल्या काही पावलांना टाचेच्या आतल्या बाजूला सुई टोचल्यासारखं दुखलं, तर ती तळव्याच्या पट्ट्याची तक्रार. त्या आठवड्यात जोराचं धावणं बंद आणि तो वेळ सायकलला. आणि धावायचे बूट घालून शाळेत उभं राहू नका. तळ लवकर झिजतो आणि किती किलोमीटर झाले याचा अंदाजही राहत नाही.

वॅटवाला

पोटऱ्यांना कॉम्प्रेशन मोजे (पाय घट्ट आवळणारे) घ्या. मी वापरतो, फरक पडतो.

टाचदुखी

उभं राहून येणारी सूज आणि जडपणा त्याने कमी होतो, तेवढ्यापुरते ठीक. धावण्याचा वेग वाढत नाही.

लांबपल्ला

नोकरी करूनही बारा तास निघतात. जपानी धावपटू युकी कावाउची शाळेत नोकरी करत होता आणि त्याने २०१८ ची बॉस्टन मॅरेथॉन २:१५:५८ मध्ये जिंकली.

हिशेबी

तो शाळेच्या कार्यालयात होता, वर्गात नाही. आणि नोकरीमुळे तो बहुतेक दिवस एकदाच सराव करायचा, इतर अव्वल धावपटू दोनदा करत असताना. तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. शिकवणाऱ्याचंच हवं तर आना किझेनहोफर: विद्यापीठात गणिताची अध्यापक-संशोधक, टोकियोत २०२१ साली रस्त्यावरच्या सायकल शर्यतीचं ऑलिंपिक सुवर्ण, आणि सरावाची आखणी तिची स्वतःची.

लांबपल्ला

तिचे तास मोजलेत का?

सावकाश

अवांतर थांबवा. ताईंचा पेपर तपासणीचा प्रश्न कुणीच घेतलेला नाही.

मापटं

घेतो. १९८० च्या दशकात रॉबर्ट हिक्सन आणि सहकाऱ्यांनी यावर प्रयोगांची मालिका केली. लोकांना दहा आठवडे आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं जोराचा सराव दिला, मग पंधरा आठवडे तो कापला. दिवस सहावरून दोनवर आणले तरी ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता टिकली. अट एकच, जोर तसाच हवा. जोर कमी केला तेव्हा ती घसरली. मिनिटं फारच कापली तेव्हा लांब वेळ टिकण्याची ताकद मात्र कमी झाली.

म्हणून त्या तीन आठवड्यांत मंगळवारचं टर्बो आणि गुरुवारचं धावणं तसंच ठेवा. पोहणं एकदा ३० मिनिटं, पाण्याची सवय मोडू नये इतपत. शनिवार-रविवारचं लांब काम निम्मं. बहुतेक लोक उलट करतात, जोराचं सोडतात आणि वेळ मिळेल तसं रमतगमत धावतात.

तारखाही बघा. शर्यतीआधीचा आठवा, सातवा, सहावा आठवडा तपासणीत गेला. शेवटचे दोन आठवडे उतरणीचे, म्हणजे टेपर. मध्ये उरतात पाचवा, चौथा, तिसरा, आणि पाचवा परत लयीत येण्यातच जाणार. तेव्हा सर्वांत लांब सायकल, तीन तासांची, नवव्या आठवड्याच्या आतच एकदा करून घ्या आणि त्या आठवड्यात शुक्रवारचं पोहणं गाळा. चौथ्या-तिसऱ्यात ती पुन्हा एकदा. टेपरमध्ये मिनिटं ४० ते ६० टक्के कमी करा, वेग कमी करू नका.

हिशेबी

+१. सायकलवर खाण्याचा सरावही त्याच लांब शनिवारी. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं, दर वीस मिनिटांनी थोडं. वेष्टनावरचे ग्रॅम वाचा, सगळी जेल (शर्यतीत खायची गोड, घट्ट द्रवाची पाकिटं) सारखी नसतात. नुसत्या ग्लुकोजचं आतड्यात शोषण साधारण ६० ग्रॅमला अडतं. त्यापुढे जायचं तर फ्रुक्टोजची जोड लागते.

मापटं

सकाळ-संध्याकाळबद्दल एक. संशोधक सॅम्युएले मार्कोरा यांच्या २००९ च्या प्रयोगात दीड तास डोक्याला शीण देणारं काम करून सायकलवर बसलेले लोक सरासरी ६४० सेकंद टिकले, शीण नसताना ७५४. हृदयगतीत, रक्तातल्या लॅक्टेटमध्ये असा फरक दिसला नाही जो याचं कारण ठरेल. तोच जोर जास्त कठीण *वाटला*, एवढंच. शाळेनंतर हेच होतं. म्हणून जोराचं सकाळी.

भल्यापहाटे

हेच मी पहिल्यापासून सांगतोय.

खडूचीधूळ

आणि अकराला झोपून साडेचारला उठायचं? साडेपाच तासांच्या झोपेवर ३ x १० करणं शरीराशी वैर आहे. दुपारच्या चहा-कॉफीचंही बघा. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात, साडेचारचा कप साडेनऊला निम्मा शिल्लक असतो.

शिवाय मुलांकडून सर्दी येतेच. नाक वाहतंय, घसा खवखवतोय एवढंच असेल तर ३० मिनिटं हलकं चालेल. ताप, छातीत कफ, अंगदुखी असेल तर पूर्ण बंद, आणि ताप उतरल्यावर निदान दोन दिवस तरी जोराचं काही नको.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं तपशीलवार मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय ते लिहिते.

हिशेबींची सात तासांची मांडणी घेतेय, मापटंचा तपासणीचा आराखडाही जसाच्या तसा. पॉवर मीटर नाही, बारा तास नाहीत.

वेळ मात्र संध्याकाळची. दोघांनी सकाळ सांगितली, तरीही. शाळेतून थेट, घरी न जाता. निघण्याआधी पाऊण तास एक केळं आणि पाणी. टर्बोच्या दिवशी तेवढं घरी. मी उलट उत्तरपत्रिका पहाटेला ढकलते: सव्वानऊला झोप, पावणेपाच ते सव्वासहा तपासणी. सरावाला शेवट ठरलेला असतो, साठ मिनिटं म्हणजे साठच. तपासणीला नसतो, रात्री ती पसरत जाते आणि झोप खाते. पहाटे पहिल्या तासाची घंटा तिला शेवट देईल. गुण देतानाही डोकं ताजं असेल, मुलांचा तो हक्क आहे.

मार्कोरांचा मुद्दा लक्षात ठेवून संध्याकाळी जोर वाटण्यावर नाही, हृदयगती आणि वेगाच्या आकड्यावर धरेन. पहिल्या दहा मिनिटांत "आज नको" वाटलं तर त्याला महत्त्व देणार नाही. पण दहा मिनिटांनंतरही ठरलेल्या वेगाला हृदयगती नेहमीपेक्षा दहाने जास्त असेल तर त्या दिवशी हलकं करून घरी.

पोहण्याचा वेग कसा ठरवू तेवढं सांगा, या बुधवारपासून सुरू करतेय.

भल्यापहाटे

महिन्याभरात सकाळवर याल. शुभेच्छा.

हिशेबी

२० मिनिटं अंग मोकळं करून आधी ४०० मीटर पूर्ण जोरात, मग आठ-दहा मिनिटं हळू पोहून दम भरू द्या, मग २०० पूर्ण जोरात. दोन्हींची सुरुवात भिंतीला पाय लावून, उडी नको. दोन वेळांतला फरक काढून निम्मा करा, तो १०० मीटरचा तुमचा वेग. समजा ४०० ला ९:२० आणि २०० ला ४:२४ लागले, तर फरक ४:५६, निम्मा २:२८. त्या वेगाने १०० मीटर आठ वेळा, मध्ये १५ सेकंद. आठवा पहिल्याइतकाच आला तर वेग बरोबर निघाला, सहाव्यालाच घसरलात तर २०० मध्ये पूर्ण जोर लागला नव्हता, दोन आठवड्यांनी चाचणी पुन्हा घ्या.