मदत हवीये, लिव्हरपूलविरुद्ध आर्सेनलच्या मिडफिल्डचं नेमकं काय बिघडलं?

२०२५-२६ सीझनच्या सुरुवातीच्या मॅचेस बघून डोकं भणभणलंय. ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला आपल्या कॅलाफिओरीच्या गोलवर १-० हरवलं, मग घरच्या मैदानावर लीड्सला ५-० धुतलं, जीव सुखावला अगदी, आणि लिव्हरपूलच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डला ८३व्या मिनिटाला त्यांच्या सोबोस्लाईची ती लांबून मारलेली फ्रीकिक, १-० ने हरलो, खेळ खल्लास. मिडफिल्डला झुबिमेंडी, राइस, मेरिनो तिघंही सुरुवातीपासून आणि गोलच्या संधी तयार करणारे एझे, ओडेगार्ड थेट ७०व्या मिनिटाला, हे मला पटतच नाहीये. आपला विंगर साका दुखापतीमुळे नव्हता ते माहितीये, ते कारण नको. अख्खी मॅच परत बघितली पण टीव्हीचा कॅमेरा बॉलच्याच मागे, त्यामुळे बाकीचे कुठे उभे होते ते कळत नाही. आपला स्ट्रायकर ग्योकेरेस पुढे एवढा एकटा पडला तो मेरिनो पुढे जात नव्हता म्हणून, की राइस खाली अडकला म्हणून? कोणती मिनिटं परत बघू?