टेक्सनचं झिरो करायचंय, पण नाक काही जुळत नाही

शेपटीचं_चाक:
नमस्कार मंडळी. आमच्या गटाकडे नॉर्थ अमेरिकन टी-६ टेक्सन आहे. महायुद्धाच्या काळातलं प्रशिक्षण विमान, उडतं, कागदपत्रं चोख. मालकांनी आता याचं मित्सुबिशी झिरो, म्हणजे महायुद्धातलं जपानी लढाऊ विमान, करायचा ध्यास घेतलाय, आणि तेही उडणारं. १९७०च्या 'तोरा! तोरा! तोरा!' चित्रपटात उडालेली झिरो याच जातीच्या विमानांवर साज चढवून केली होती, एवढं त्यांना पुरेसं आहे.

मी दोन्हींचे आराखडे एकावर एक ठेवून पाहिले. पंखांचा विस्तार टेक्सनचा १२.८ मीटर, सुरुवातीच्या झिरोचा १२. लांबी ८.८ आणि ९.१. इथपर्यंत झकास. पण समोरून पाहिलं की नाक फुगीर दिसतं ते दिसतंच. मालक म्हणतात, आत्ताचं आर-१३४० इंजिन काढून चौदा सिलिंडरचं आर-१८३० बसवू. नाक बारीक होईल आणि ६००च्या जागी १२०० अश्वशक्ती मिळेल. शिवाय रडर, म्हणजे शेपटीवरचं उभं सुकाणू, झिरोसारखं गोल हवंय. रिव्हेटकाका, तुम्ही अशा एका कामावर होतात असं मागे लिहिलं होतंत. सुरुवात कुठून करू?

रिव्हेटकाका:
सुरुवात मालकांना खाली बसवण्यापासून कर.

नाक का फुगतं ते सांगतो. झिरोचं साकाए इंजिन चौदा सिलिंडरचं, सात-सातच्या दोन ओळींत. व्यास ११५० मिमी. तुझं आर-१३४० नऊ सिलिंडरचं, सगळे एकाच ओळीत, व्यास १३१४ मिमी. सोळा सेंटीमीटरचा फरक कुठल्याही पत्र्याच्या कारागिरीने लपत नाही. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, थोडं लांब करायचं आणि पुढचं तोंड गोलाईने आत घ्यायचं, म्हणजे धावपट्टीच्या कडेला उभा असलेला माणूस फसतो. कॅमेऱ्याची लांब लेन्स नाही फसत, पण ते चालायचंच.

आर-१८३०चा व्यास १२२० मिमी, म्हणजे तिथेही साकाएइतकं बारीक होत नाहीच. आणि वजन? नुसतं इंजिनच दीडशे किलोच्या आसपास जास्त, तेही थेट नाकावर. शेपटीच्या चाकावर बसणाऱ्या विमानात गुरुत्वमध्य इतका पुढे गेला की उतरल्यावर ब्रेक जरा जोरात दाबला की विमान नाकावर उभं. मग शेपटीत शिसं भरा, एकूण वजन अजून वाढवा... हा खेळ संपत नाही. आमच्या कामावर मूळ इंजिनच ठेवलं होतं. मागची सीट काढली, बॅटरी मागे सरकवली, तीन पात्यांचा प्रॉपेलर लावला. वजन-तोल काट्यावर नीट बसेपर्यंत साहेबांनी रंगाचा डबासुद्धा उघडू दिला नाही.

टेक्सनमध्ये एक सोय मात्र फार छान आहे. पुढचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आहे, बाजूचे पत्रे नुसतं झाकण आहेत, भार घेत नाहीत. तिथे हवा तसा आकार द्या. मागचा भाग तसा नाही, तिथे पत्राच भार घेतो. कात्री लावायच्या आधी मंजूर आराखडा हातात हवा.

गिरकी:
काका, एक शंका. ऑस्ट्रेलियाने १९४२ मध्ये विरावे या प्रशिक्षण विमानापासून बूमरँग हे लढाऊ विमान उभं केलंच की! विरावे टेक्सनच्याच घराण्यातलं, आणि बूमरँगला हेच १२०० अश्वशक्तीचं ट्विन वास्प, म्हणजे आर-१८३०, होतं. मग इथे का जमू नये?

रिव्हेटकाका:
प्रश्न रास्त आहे. पण त्यांनी विरावेच्या नाकावर मोठं इंजिन टांगलं नाही. पंख, चाकं, शेपूट यांचे बरेच भाग घेतले आणि धड नवं आखलं, आखूड, एकाच माणसाचं. विरावे साडेआठ मीटर, बूमरँग पावणेआठ. मागे विमान कारखाना आणि रेखनकारांची अख्खी फौज होती. तसं करायचं असेल तर ते रूपांतर नव्हे, नवीन विमान झालं.

याकभक्त:
मालकांना ताकदच हवी असेल तर चुकीचं विमान हाताशी आहे. याक-११ हे प्रशिक्षण विमान याक-३ या लढाऊ विमानातूनच आलेलं. त्याला मोठं रेडियल (वर्तुळात सिलिंडर मांडलेलं) इंजिन लावून याक-३यू केलेली कितीतरी उडतात, कारण मुळातलं हाडच लढाऊ आहे. टेक्सनचं हाड मास्तराचं आहे, ताशी साडेतीनशे किमीच्या आतलं. झिरो पाचशेच्या वर जायचं.

शेपटीचं_चाक:
इंजिनाचा विषय मिटला, मालकांना काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. थोडे रुसलेत. बाहेरच्या पंखांची पुढची कड मागे झुकलेली आहे, ती ओळखू येतेच. ती सरळ करावी का? आणि रडरचं काय?

रिव्हेटकाका:
पंखांना हात लावू नकोस. टेक्सन स्टॉल झालं (पंखांची उचल तुटली) की एक पंख झटकन टाकतं, हे त्यावर शिकलेल्या कुणालाही विचार. त्या स्वभावाशी वैमानिक ओळख ठेवून असतो. कड बदललीस तर नव्या स्वभावाची चाचणी कोण घेणार? फक्त टोकं गोल कर, तेवढ्याने अर्धी ओळख पुसली जाते. उजव्या बाजूचा तो जाडजूड एक्झॉस्ट काढून दोन्हीकडे आखूड नळ्या दे. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, नवी लागेलच.

रडर हा खरा गंभीर भाग. हिंजच्या मागे वजन वाढलं की ठरावीक वेगाला ते फडफडायला लागतं, आणि ही फडफड, म्हणजे फ्लटर, शेपूट उखडूनच थांबते. त्यामुळे शक्यतो मूळ रडर ठेव, गोलाई वरच्या फेअरिंगमध्ये (नुसत्या आकारासाठीच्या झाकणात) दे. झिरोचं मागचं अणकुचीदार टोकही धडाला जोडलेल्या हलक्या शंकूने भागतं. आमच्याकडे नवीन रडर केलं होतं. ते हिंजवर आडवं टेकवून हिंजच्या पुढे आलेल्या शिंगावर छर्ऱ्यांची छोटी पिशवी टांगायची आणि पातं समतल राहतंय का ते बघायचं. रंगाऱ्याने रडरच्या कापडावर डोपचा (कापड ताणून धरणाऱ्या लेपाचा) एकच हात जादा मारला आणि मागची कड डोळ्यांदेखत खाली गेली. खरवडून काढावं लागलं.

आणि आवाजाचं काही होत नाही बाबा. मूळ दोन पात्यांचा प्रॉपेलर गिअरशिवाय थेट इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो, उड्डाणाच्या वेळी पात्यांची टोकं ध्वनिवेगाजवळ जातात, म्हणून ती कानठळी. तीन आखूड पाती लावलीस तर कमी होते, पण जाणकार डोळे मिटूनही सांगेल की टेक्सन आहे.

शेपटीचं_चाक:
एवढंच शेवटचं. समजा रडर नवीन केलंच, तर तोल रंगाआधी बघायचा की नंतर?

रिव्हेटकाका:
दोन्ही वेळा. आधीचा तुझ्यासाठी, नंतरचा सहीसकट लॉगबुकात. आणि बदलांची मंजुरी आत्ताच मागायला घे. साज चढवल्यावर ते मूळ प्रमाणपत्राचं टेक्सन राहत नाही, प्रायोगिक प्रदर्शनाच्या वर्गात जाईल, आणि कुठे, केव्हा, कुणाला घेऊन उडायचं यावर बंधनं येतील. मालकांना पाहुणे बसवून फिरवायचे असतील तर ते आधी विचार.