रॅपर अभिनयात उतरली की अल्बम मागे पडतोच का?

पडद्याआड:
क्वीन लतीफा आणि ईव्ह या दोन अमेरिकन रॅपरच्या कारकिर्दी शेजारी ठेवल्या तर मालिका सुरू झाली की अल्बम थांबलेले दिसतात. जाणकारांना तीन प्रश्न. हे अटळ आहे का? रॅपचा सराव कॅमेऱ्यासमोर कुठे कामी येतो आणि कुठे आडवा? आणि रेकॉर्ड कंपनीशी करार चालू असताना भूमिका स्वीकारायची तर कोणती कलमं आधी बघायची? 'अंगात कला असली की सगळं जमतं' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

चौथी मात्रा:
अटळ नाही. भूमिका केवढी यापेक्षा मालिकेचा साचा कोणता हे बघा.

लतीफाचे पहिले तीन अल्बम १९८९, १९९१ आणि १९९३ चे. तिची 'लिव्हिंग सिंगल' ही मालिका ऑगस्ट १९९३ ला सुरू झाली आणि पाच हंगाम, ११८ भाग होऊन जानेवारी १९९८ ला संपली. चौथा अल्बम आला जून १९९८ मध्ये. मधली साडेचार वर्षं कोरी.

प्रेक्षकांसमोर चित्रित होणाऱ्या सिटकॉमचा, म्हणजे अशा विनोदी मालिकेचा आठवडा साधारण असा असतो: पहिल्या दिवशी टेबलाभोवती वाचन, मग दोन दिवस तालीम, चौथ्या दिवशी कॅमेऱ्यांच्या जागा, पाचव्या दिवशी चित्रीकरण. रोज संध्याकाळी बदललेली पानं हातात पडतात ती वेगळीच. यात एखादी रात्र स्टुडिओत घालवता येते, दौरा बसत नाही. उन्हाळ्यात सुटी मिळते, पण तिच्यावर सिनेमावाल्यांचाही डोळा असतो. लतीफाचा 'सेट इट ऑफ' हा सिनेमा मालिका चालू असतानाच, १९९६ मध्ये आला.

ईव्हच्या नावाचीच मालिका २००३ ते २००६ चालली, ६६ भाग. तिचे अल्बम मात्र २००२ आणि थेट २०१३. या अकरा वर्षांचं सगळं खापर मालिकेवर फोडू नका, ती २००६ लाच संपली होती.

उलट उदाहरण ब्रिटिश रॅपर लिटल सिम्झचं. ब्रिटिश मुलांच्या वाहिनीवर ती रॅपर म्हणून नाव होण्याआधीच दिसली होती. 'टॉप बॉय' या मालिकेत तिची शेली ही सहभूमिका, आणि हंगाम १०, ८ आणि ६ भागांचे (२०१९, २०२२, २०२३). २०१९ मध्ये मालिका आणि अल्बम दोन्ही आले. २०२२ च्या मार्चमध्ये पुढचा हंगाम, ऑक्टोबरात अल्बमसाठी दिलं जाणारं मर्क्युरी पारितोषिक, डिसेंबरात आणखी एक अल्बम. थोडे भाग आणि सहभूमिका असली की दोन्ही डगरींवर हात ठेवता येतो.

बूमवाला:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. पाठांतर आणि स्पष्ट उच्चार ही रॅपरची जमेची बाजू. त्रास होतो तो समेवर यायच्या सवयीचा. यमक ओळीच्या शेवटी असतं, म्हणून वजन आपोआप शेवटच्या शब्दावर पडतं. "मला माहीत होतं तू येणार नाहीस" हे वाक्य घ्या. रॅपर दहापैकी नऊ वेळा 'नाहीस'वर आदळते. त्यापुढची दोन वाक्यंही तशीच आपटली की संवादाचं गाणं होतं. एकदा 'मला'वर वजन द्या, एकदा 'तू'वर, एकदा कुठेच देऊ नका आणि रेकॉर्ड करून ऐका.

संवाद चालीत पाठ करू नका. ओळी न तोडता सलग परिच्छेद लिहून काढा आणि चालताना, कपड्यांच्या घड्या घालताना सपाट म्हणा. चालीत बसवलेला संवाद सेटवर एक शब्द बदलला तरी अख्खा विस्कटतो. समोरच्याला मुद्दाम कधी लवकर, कधी उशिरा बोलायला सांगा.

बाकी घोटाळे ठरलेले:

श्वास. ओळीआधी ओढून घेतलेला श्वास स्टेजवर चालतो, क्लोजअपमध्ये लगेच डोळ्यांत खुपतो. समोरचा बोलत असतानाच घ्या.

हात. वाइड शॉटमध्ये ज्या शब्दाला हात उचलला, क्लोजअपमध्येही त्याच शब्दाला उचलावा लागतो. दर टेकला हात वेगळा असेल तर संकलकाला जोडच सापडत नाही. एका प्रसंगात एक-दोनच हालचाली ठरवून घ्या.

अॅड-लिब. दुसऱ्याच्या वाक्यावर 'हं', 'येस' टाकायची खोड असते. त्याच्या क्लोजअपचा ध्वनी त्यानं वाया जातो.

नजर. म्युझिक व्हिडिओत थेट लेन्समध्ये बघतात, इथे बघायचं नाही. ऑडिशनचा व्हिडिओ पाठवतानाही सोबत वाचणाऱ्याला लेन्सच्या अगदी बाजूला उभं करा, त्याचा आवाज तुमच्यापेक्षा हळू ठेवा. फ्रेम आडवी, छातीपासून वर, मागे साधी भिंत, फोकस लॉक. मागितल्याशिवाय त्यात रॅप करू नका, तो येतो हे त्यांना माहीतच असतं.

पडद्याआड:
हातांचं डोक्यात आलं नव्हतं, आभार. करारांचं कुणी सांगेल का?

कलम सात:
क्रम महत्त्वाचा. भूमिकेच्या करारावर सही करण्याआधी रेकॉर्ड कंपनीकडून लेखी सूट घ्या. कंपनीकडे बहुधा तुमच्या ध्वनिमुद्रित गायनाचे एकहाती हक्क असतात. पात्र पडद्यावर चार ओळी रॅप करत असेल तरी ते त्यात येऊ शकतं. सूट घेताना 'चित्रपटात वापर' आणि 'साउंडट्रॅक म्हणून विक्री' या दोन गोष्टी वेगळ्या लिहून घ्या, एकीची परवानगी दुसरीला लागू धरली जात नाही. त्या ओळी तुम्हीच लिहिणार असाल तर शब्दांचे हक्क निर्मात्याकडे जातात का, तेही तपासा. अभिनयाच्या मसुद्यात हे गुपचूप बसलेलं असतं.

'३६०' करार (ज्यात गाण्यांखेरीज तुमच्या इतर कमाईतही कंपनी वाटा घेते) असेल तर अभिनयाच्या मानधनातही कंपनीचा वाटा असू शकतो. तो पूर्ण वगळून घ्या. नाहीच ऐकलं तर कंपनीने मिळवून दिलेल्या कामापुरता मर्यादित करा.

सगळ्यात महाग पडतं ते मुदतीचं कलम. अल्बम वेळेत दिला नाही तर कंपनी कराराचं घड्याळ थांबवू शकते. दोन वर्षं मालिकेत गेली तर करार तेवढाच पुढे सरकतो. शिवाय अमेरिकन मालिकांच्या करारात पुढच्या सहा-सात हंगामांचा पर्याय सुरुवातीलाच लिहून घेतात. वापरायचा की नाही हे निर्माता ठरवतो, तुम्ही नाही. म्हणून आधी ठरलेल्या मैफलींच्या तारखा मालिकेच्या करारात नावानिशी घाला.

एक बारीक कलम सगळ्यांच्या नजरेतून सुटतं: चित्रीकरण चालू असताना केस, नखं, टॅटू बदलायला मनाई. नव्या व्हिडिओचा लूक तिथेच अडकतो.

चौथी मात्रा:
भूमिकांबद्दल थोडं. पहिल्या कामांत मिळते ती बहुतेक रॅपरचीच किंवा तोंडाळ मैत्रिणीची भूमिका. रॅपर ऑक्वाफिनाला २०१८ च्या दोन विनोदी चित्रपटांनी ओळख मिळवून दिली, पण जानेवारी २०२० चा गोल्डन ग्लोब मिळाला 'द फेअरवेल'साठी, जिथे तिची भूमिका शांत, गंभीर आहे. लतीफाला ऑस्कर नामांकन 'शिकागो' चित्रपटातल्या तुरुंगाच्या मेट्रनच्या, म्हणजे महिला अधिकाऱ्याच्या भूमिकेसाठी मिळालं; तिथे ती गाते, रॅप करत नाही. माझं मत: पहिल्या तीन कामांत एक तरी असं घ्यावं ज्यात ना माईक आहे ना टाळीचं वाक्य, मग मानधन कमी का असेना.

कलम सात:
सहमत. फक्त अशा छोट्या कामाच्या करारात नाव कोणतं झळकणार ते लिहून घ्या, स्टेजवरचं की जन्माचं. लतीफाने २००४ चा गाण्यांचा अल्बम जन्मनावाने काढला आणि अभिनय मात्र लतीफा म्हणूनच करत राहिली. अमेरिकेतल्या कलाकार संघटनेत आधीच नोंदलेलं नाव दुसऱ्याला सहसा मिळत नाही, तेव्हा सदस्यत्वाचा अर्ज भरण्याआधी ते मोकळं आहे का बघून घ्या.