पार्किंगचे पट्टे

(आमच्या सोसायटीचा ग्रुप, दांडिया बाजार, वडोदरा. रविवार सकाळ.)

सुहास काका (सेक्रेटरी): रंगारी मंगळवारी येतोय. पार्किंगचे पट्टे पुसट झालेत, पुन्हा मारायचे आहेत. कोणाला काही सांगायचं असेल तर आजच सांगा, मंगळवारी खाली येऊन आरडाओरडा नको.

मंदार २०२: काका, आहेत तिथेच मारू नका. माझी स्कॉर्पिओ पट्ट्यात मावते, मी मावत नाही. परवा मागच्या दारानं उतरलो.

प्राजक्ता ३०१: बघितलं 😂 आईला चोर वाटला.

सुहास काका: टेप घेऊन मोजून आलो. दोन खांबांमध्ये २१ फूट, त्यात तीन गाड्या, म्हणजे एकीला ७ फूट, २१३ सेंटिमीटर. पट्टे मारले तेव्हा सगळ्यांकडे मारुती ८०० होती, रुंदी १४४. दोन्हीकडे फूटभराहून जास्त जागा, धोतर नेसलेला माणूससुद्धा आरामात उतरायचा. मंदार, तुझी स्कॉर्पिओ-एन जवळपास १९२, तीही आरसे सोडून. कडेला राहिली पाच बोटं.

मंदार २०२: मग दोन खांबांत दोनच ठेवू.

नीला काकू २०१: आणि तिसरी कोणाची काढणार? माझी वॅगन आर? ती १६२ आहे, आत्ताच मोजली. जाड झालेल्यानं दोन खुर्च्या मागायच्या आणि बारक्यानं उभं राहायचं का रे?

प्राजक्ता ३०१: काकू, गाड्या उगाच नाही वाढल्या. ८०० च्या दारात होतं काय, पत्रा आणि काच वर करायचं हँडल. २०१७ पासून नव्या मॉडेलला समोरून आणि बाजूनं धडक देऊन बघणं सक्तीचं झालं. मग दारात लोखंडी दांडा आला, दार जाड झालं. आईला घेऊन एक्स्प्रेसवेनं अहमदाबादला जाते तेव्हा ते जाड दारच बरं वाटतं.

सुहास काका: कबूल. पण सरकारचीही गंमत बघा. २००६ पासून करासाठी लहान गाडी म्हणजे चार मीटरच्या आतली, इंजिन पेट्रोलचं तर १२०० सीसीपर्यंत. आता तिला जीएसटी १८ टक्के, मोठीला ४०. माप लांबीचं, रुंदीला कोणी विचारत नाही. म्हणून नेक्सॉन लांबीला ३९९५ मिलिमीटर, अगदी काठावर, आणि रुंदीला १८०४. कागदावर लहान, खांबाजवळ मोठी.

विश्वास आजोबा: इंग्लंडची मिनी १९५९ साली तीन मीटर पाच सेंटिमीटर होती. हल्लीची तिच्याहून पाऊण मीटरनं लांब आहे. नाव मात्र मिनीच.

नीला काकू २०१: माझ्या बहिणीनं एमजीची छोटी इलेक्ट्रिक गाडी कॉमेट घेतली, आपल्या हलोलला बनते ती. तीन मीटरलाही थोडी कमी. लहेरीपुऱ्याहून मांडवीकडे मी स्वतः चालवली. समोरून छकडा रिक्षा आली, मी एका दमात वळवून कडेला. मंदार, तू तिथे अजून रिव्हर्सच घेत बसला असतास.

मंदार २०२: आणि मागे कोण बसलं होतं काकू?

नीला काकू २०१: बहीण. पुढची सीट वाकवून कशीबशी चढली, गुडघे धरून बसली. भाजीची पिशवी तिच्याच मांडीवर, डिकी नावालाच. खोटं कशाला बोलू? तिघांना घेऊन नाशिकला जायची ती गाडी नव्हेच.

सुहास काका: ऐका. पट्टे सारखे मारायचेच नाहीत. स्कॉर्पिओ १९२, वॅगन आर १६२, जोशींची अल्टो १४९. बेरीज ५०३. खांबांत ६४० आहेत, उरले १३७, चार फटींत वाटले तर प्रत्येकी ३४. सगळ्यांची दारं उघडतील. प्रत्येक खांबात एक जाडी, दोन बारक्या. मंदार मधे.

मंदार २०२: मधे का?

सुहास काका: कडेला ठेवला तर खांबाला घासशील. मागच्या दिवाळीची खूण अजून आहे.

प्राजक्ता ३०१: पण काका, जोशी काका क्रेटा बुक करणार आहेत ना?

जोशी ३०३: कोण म्हणालं?

नीला काकू २०१: तुमच्या सौ.

सुहास काका: जोशी, क्रेटा १७९ आहे. खुशाल घ्या, पट्टा अल्टोचाच मिळेल.