जुनं इंजिन बांधताना पॅकिंग टाकायचं की नुसतं सोल्यूशन?

तेरानंबर पाना (छत्रपती संभाजीनगर)
मुद्दा मांडतो, मग काय ठोकायचं ते ठोका. पद्मिनी किंवा अँबॅसिडरचं इंजिन पूर्ण उघडलं की आपण डोळे झाकून पॅकिंगचा, म्हणजे जोडांत बसणाऱ्या गास्केटांचा, फुल सेट आणतो आणि कागद, कॉर्क सगळं जागच्या जागी बसवतो. हेड, मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटरची बैठक सोडली तर बाकी कागदाची आता गरज नाही, असं माझं मत. कागद दबतो, दबला की बोल्टचा ताण जातो, ताण गेला की तेल पाझरतं. त्यात हे सेट दुकानाच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेले. कागद आकसलेला असतो, छिद्रं जुळत नाहीत, कॉर्क वाकवला की तुकडा हातात येतो. त्यापेक्षा दोन्ही तोंडं थिनरने पुसा, अ‍ॅनेरोबिक सोल्यूशनची (हवा तुटल्यावर घट्ट होणारा लेप) बारीक रेघ बोल्टच्या आतल्या बाजूने फिरवा आणि आवळा. नव्या इंजिनांत कारखानेच कित्येक जोड असे बिनकागदी बांधतात.

पद्मिनीप्रेमी (लातूर)
नवी इंजिनं बिनकागदाची आखलेली असतात, भाऊ. जुनी तशी नाहीत. जुन्या इंजिनात कागद फक्त तेल अडवत नाही, तो एक माप असतो.

ऑइल पंपाचं झाकण घ्या. गिअरचं तोंड आणि झाकण यांत साधारण ०.०५ ते ०.१ मिमी फट लागते. ज्या पंपाला कारखान्यातूनच कागद आहे, तिथे तो काढून नुसतं सोल्यूशन लावलं तर गिअर झाकणाला घासतो. उलट जाड ड्रॉइंग पेपर कापून घातला तर फट वाढते, तेल आतल्या आत मागे फिरतं आणि मे महिन्यात ४२ अंशांत आयडलला प्रेशरचा काटा खाली बसतो. मग लोक बेअरिंगला दोष देतात.

टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या एसी पंपाचंही तेच. त्याखालचा जाड तुकडा उष्णताही अडवतो आणि कॅमवर लिव्हर किती दाबला जाईल तेही ठरवतो. तो पातळ झाला की लिव्हरवर जोर येतो, जाड झाला की पेट्रोल कमी पडतं. जुना तुकडा फेकण्याआधी मायक्रोमीटरने मोजा. नसेल तर व्हर्नियर चालेल, पण मोजा. लग्नाची पत्रिका कापून पॅकिंग करणारे आपल्याकडे कमी नाहीत. पत्रिकेची जाडी कुणी मोजलेली असते का?

वस्ताद (नांदेड)
दोघांचंही अर्धं बराबर आहे, पण गॅरेजात होतंय काय ते बघा की राव. ‘सोल्यूशन’ म्हणलं की पोरं सिलिकॉनची ट्यूब घेतात अन् भाकरीवर लोणी फासल्यासारखं फासायलेत. बाहेर जेवढं निघतं तेवढंच आत निघतं. आतला तो दोरा तुटून चेंबरात, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्यात पडतो, तिथून ऑइल पंपाच्या जाळीवर चिकटतो. जाळी बुजली की बेअरिंग गेलं. लावायचंच तर २-३ मिमीची एकच रेघ, बोल्टच्या छिद्राला आतून वळसा घालून.

दुसरं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इंजिनाला लावू नका. त्यातून अ‍ॅसिड सुटतं, लोखंड-तांब्याला गंज धरतो. न्यूट्रल लिहिलेलं घ्या.

अन् सिलिकॉन हवेतल्या ओलीवर सुकतं, उन्हावर नाही. आपल्याकडं एप्रिल-मे म्हणजे कोरडा ठणठणीत. वरून साय धरते, आत कच्चंच राहतं. उन्हाळ्यात रात्रभर नाही, पुरे २४ तास थांबून मगच तेल ओता. पावसाळ्यात उलटं, कव्हर बसवेपर्यंतच साय धरते, तवा हात उचलून कामाला लागा.

लेथवरचा (वाळूज)
तेरानंबर, अ‍ॅनेरोबिकबद्दल तुम्ही बरोबर आहात. फक्त कुठे चालतं ते सोडून दिलंत. हवा तुटली आणि धातू लागला तरच ते घट्ट होतं. आत सांडलेलं पातळच राहून तेलात मिसळतं, हा सिलिकॉनपेक्षा मोठा फायदा. पण त्याला दोन्ही बाजू ओतीव, कडक आणि सपाट लागतात, फट पाव मिलिमीटरच्या आत. अँबॅसिडरचं टॅपेट कव्हर, चेंबर हे दाबलेल्या पत्र्याचे. तिथे ते कामाचं नाही, तिथे कॉर्कच.

कॉर्कचा दोष बहुतेक वेळा कॉर्कचा नसतो. आधीच्या माणसाने बोल्ट करकचून आवळलेले असतात, पत्र्याची कड प्रत्येक छिद्रापाशी वर उचललेली असते. पत्रा लाकडावर पालथा घालून हातोडीने छिद्रं सपाट करा, पट्टी लावून तपासा. आकसलेला कॉर्क कोमट पाण्यात भिजवला की पुन्हा मापाला येतो. पातळ शेलॅक फक्त चेंबरच्या बाजूला लावा, ब्लॉकची बाजू कोरडी. आडव्या-तिरप्या क्रमाने ८ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा. कॉर्क कडेने फुगायला लागला की थांबा.

तेरानंबर पाना
चेंबर आणि टॅपेट कव्हर सोडतो, कॉर्कच ठीक. ऑइल पंपाचंही मान्य. पण वॉटर पंप आणि टायमिंग कव्हर ओतीव असेल तर माझं मत तेच. आपल्या बोअरच्या क्षारट पाण्यात वॉटर पंपाचा कागद किती टिकतो?

लेथवरचा
पाणीच बदला ना. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट अर्धं-अर्धं. बोअरच्या पाण्याने कागद जाण्याआधी पद्मिनीचं अ‍ॅल्युमिनियम हेड पाण्याच्या छिद्रांभोवती खाल्लं जातं, आणि खरं भांडण तिथेच आहे. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. अ‍ॅल्युमिनियम जवळपास दुप्पट फुलतं. ४० सेंटिमीटर लांबीला ७० अंश वाढले तर दोघांत सुमारे ०.३ मिमी फरक पडतो. दर वेळी तापताना हेड पॅकिंगवर तेवढं सरकतं. खड्डे सोल्यूशनने भरून हे भागत नाही. पट्टी ठेवून फिलर गेजचं ०.०५ मिमीचं पान आत गेलं की फेसिंग करा, म्हणजे हेडचं तोंड मशीनवर सपाट करून घ्या.

पद्मिनीप्रेमी
फेसिंगनंतर एक गोष्ट राहून जाते. नवं हेड पॅकिंग बसवण्याआधी ब्लॉकवर कोरडंच ठेवून प्रत्येक छिद्र बघा. पाण्याची काही छिद्रं मुद्दाम लहान असतात, पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत पोचावं म्हणून. ‘चुकीचं कापलंय’ म्हणून ती मोठी करू नका. स्टड ब्लॉकच्या पाण्यात उतरत असतील तर त्यांच्या आट्यांना मात्र सोल्यूशन लावाच. हेडचे नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. इंजिन एकदा पूर्ण तापवून थंड झाल्यावर एकेक नट किंचित सैल करून पुन्हा त्याच टॉर्कला, आणि मग टॅपेट परत लावायचे, कारण हेड खाली बसलं की फटी बदलतात. जुन्या अ‍ॅसबेस्टॉसच्या पॅकिंगचे अवशेष कोरडे खरवडू नका, ओले करून काढा. ती धूळ फुप्फुसात जाते.

ओळखीचा ग्राहक (परभणी)
सगळं वाचलं. १४८९ सीसीची अँबॅसिडर आहे, पॅकिंग सेट नवा, तरी मागून क्लचच्या बाजूला तेल गळायलंय. आता काय, कागद का सोल्यूशन?

वस्ताद
दोन्ही नाही, मामा. त्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नाही. शाफ्टवर उलटा आटा कापलेला असतो, तो तेल परत आत ढकलतो. इंजिन बंद असताना तो काही अडवत नाही, म्हणून थेंबभर पडलंच पाहिजे. जास्त पडायलंय तर आधी ब्रीदरची नळी काढून रॉकेलने धुवा. ती तुंबली की आतली हवा तेलाला बाहेर रेटते. तरी थांबलं नाही तर गरम इंजिन आयडलला ठेवून तेल भरायचं झाकण काढा. तिथून धूर भकाभका येत असेल तर रिंगा झिजल्यात, नवं पॅकिंग आणायची घाई करू नका.