ओळख गेल्यावर उरतं ते
‘स्मृतिभ्रंशामुळे जोडीदार आपल्याला ओळखतच नसेल, तर लग्नाचं वचन तिथेच संपतं’ असं काही जण म्हणतात. हे मत मला अजिबात पटलं नाही. वचन देताना ओळखीची अट कोणी घातली होती? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांचे पती अल्झायमरमुळे (स्मृती हळूहळू जाण्याचा आजार) देखभाल केंद्रात होते. तिथल्याच एका बाईंवर त्यांचा जीव जडला. ते आनंदात आहेत याचंच ओ'कॉनरना समाधान वाटतं, असं त्यांच्या मुलाने २००७ मध्ये सांगितलं होतं. मला तर निष्ठा यातच दिसते.

आणि हो, अशा आजारात नावं विसरली तरी लहानपणी पाठ झालेल्या प्रार्थना बरेचदा खूप उशिरापर्यंत टिकतात. भेटायला जाल तेव्हा शेजारी बसून हळू आवाजात म्हणा. माझं नाव विसरल्यावरही आमचे हे पुढची ओळ स्वतःहून म्हणायचे.