दोन नेटवर्क कार्डं असली तरी डीफॉल्ट रूट एकच ठेवा

लिनक्स मशीनवर दोन्ही कार्डांच्या सेटिंगमध्ये गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता) भरणं ही चूक आहे, असं माझं ठाम मत. 'आयपी रूट' (रूटची यादी दाखवणारी आज्ञा) चालवलं की डीफॉल्ट, म्हणजे ज्यांना वेगळा रूट नाही अशा सगळ्या पत्त्यांसाठीची वाट, दोनदा दिसतो आणि ज्याचा मेट्रिक (पसंतीचा आकडा) कमी तोच वापरला जातो. नेटवर्कमॅनेजर (कनेक्शन सांभाळणारा प्रोग्राम) वायरच्या एका कार्डाला १०० देतो, दुसऱ्याला १०१. आधी कोणतं कार्ड सुरू होतं त्यावर ते ठरतं, म्हणून रीबूटनंतर ट्रॅफिकची वाट बदलू शकते. दुसऱ्या कार्डाला 'नेव्हर-डीफॉल्ट' (या कार्डावरून डीफॉल्ट रूट नको) लावा आणि त्या बाजूच्या नेटवर्कपुरता, समजा १०.२०.०.०/१६, स्टॅटिक (हाताने ठरवलेला) रूट द्या.

प्रतिसाद १
दुसरं कार्ड आतल्या नेटवर्कचं असेल तरच हे ठीक. दोन्हीकडे इंटरनेट असेल आणि दोन्ही पत्त्यांवर बाहेरून कनेक्शन येत असतील, तर या सल्ल्याने अर्धा सर्व्हर बंद पडेल. दुसऱ्या कार्डावर (ईटीएच१) त्याच्या १९८.५१.१००.१० या पत्त्यासाठी आलेल्या पॅकेटचं उत्तर पहिल्या कार्डामधून (ईटीएच०) निघतं आणि परका सोर्स पत्ता पाहून तिकडचा प्रोव्हायडर बहुधा ते टाकून देतो. आरपी-फिल्टर (पॅकेट आलं त्याच वाटेने उत्तर जाईल का हे पाहणारी कर्नलची सेटिंग) १ असेल तर गोष्ट तिथवरही जात नाही: टीसीपीडंपमध्ये (पॅकेट दाखवणारं साधन) पॅकेट येताना दिसतं, पण कर्नल ते आतच टाकतो. लोक तो २ करतात. पॅकेट आत येतं, उत्तर मात्र चुकीच्याच दाराने जातं. दुसऱ्या कार्डासाठी रूटचं वेगळं टेबलच हवं:

आयपी रूट ॲड १९८.५१.१००.०/२४ डेव्ह ईटीएच१ टेबल १००
आयपी रूट ॲड डीफॉल्ट व्हाया १९८.५१.१००.१ डेव्ह ईटीएच१ टेबल १००
आयपी रूल ॲड फ्रॉम १९८.५१.१००.१० टेबल १००

पहिली ओळ हमखास राहून जाते. मग शेजारच्या मशीनला जाणारं उत्तरही गेटवेला वळसा घालून जातं. शेवटी 'आयपी रूट गेट'मध्ये 'फ्रॉम १९८.५१.१००.१०' देऊन तपासा. ईटीएच१ दिसायला हवं.

धागालेखक
हे मान्य. तरी मुख्य टेबलात डीफॉल्ट एकच पुरतो. आणि या ओळी रीबूटला उडतात, लिंक पडली तर टेबलातले रूटही जातात. त्या कनेक्शनच्या प्रोफाइलमध्येच लिहा: रूटला 'टेबल=१००', रूलला प्रायॉरिटी.

प्रतिसाद २
एकच का? बॅकअप लाइनसाठी मेट्रिक स्वतः १०० आणि २०० ठरवून दिले, तर दोन डीफॉल्ट अगदी योग्य आहेत. वायर निघाली की पहिला रूट जातो, दुसरा लगेच चालू.

प्रतिसाद १
वायर निघाली तर. गेटवेच्या पलीकडे लाइन मेली तर लिंक चालूच दिसते, रूट हलत नाही. नेटवर्कमॅनेजरची कनेक्टिव्हिटी तपासणी (इंटरनेटपर्यंत खरंच पोचतं का हे पाहणारी) सुरू ठेवा. ती फसली की तो त्या डीफॉल्टच्या मेट्रिकमध्ये २०००० मिळवतो. तेवढं असेल तर तुमचा १००-२०० चा बेत मला पटतो.